छंदाचा रकाना

लग्नाच्या बायोडाट्यात उंची, रक्तगट, मामाचं गाव, बागायती किती नि कोरडवाहू किती, हे सगळं खरं-खोटं करून झालं की शेवटी एक रकाना येतो : छंद. तो भरताना आमच्याकडचा कुठलाही मुलगा डोकं खाजवत नाही. वाचन, संगीत ऐकणे, क्रिकेट. मुलगी असेल तर क्रिकेटच्या जागी मेंदी आणि पाककला. सेलू तालुक्यातले गेल्या वीस वर्षांतले बायोडाटे खरे धरले, तर इथल्या वाचनालयांपुढं पहाटेपासून रांगा लागायला हव्या होत्या आणि कादंबऱ्यांवरून डोकी फुटायला हवी होती. तसं काही झाल्याचं ऐकिवात नाही.

माझं म्हणणं एवढंच की माणसाच्या खऱ्या आवडी या रकान्यात मावत नाहीत, आणि मावल्या तरी लिहिण्याजोग्या नसतात. वधुपिता पगार विचारतो, कर्ज विचारतो, सुपारी-तंबाखूचंही आडून आडून विचारतो. पण 'पोरगा हसतो कशाला?' हे आजवर कुणी विचारलेलं नाही. आणि पुढं चाळीस वर्षं त्या दोघांना बसायचं असतं एकाच टीव्हीपुढं!

वालूरच्या आमच्या घरात पुतण्याच्या बायोडाट्यासाठी ओसरीवर बैठक भरली. पोरगा परभणीला नोकरीला. थोरले बंधू, म्हणजे दादा, चष्मा लावून लेखनिक झाले होते. वैनी सुपात तूर निवडत होत्या. मी सल्लागार, म्हणजे ज्याचं कुणी ऐकत नाही तो.

"छंद काय लिहू रे?" दादांनी विचारलं.

"टॉम अँड जेरी," मोबाइलमधून मान वर न काढता पुतण्या म्हणाला.

दादांचा पेन थांबला. "हे कोण?"

"ते मांजर-उंदराचं," वैनी म्हणाल्या. "जेवताना बघतोय की रोज. ते लागल्याबिगर घास उतरत नाही त्याला."

"एवढा घोडा झालेला माणूस मांजर-उंदीर बघतो, असं लिहू?"

"तुम्हीच म्हणलात, खरं सांग."

"खरंच लिहायचं असतं तर पगार नसता का खरा लिहिला?"

मी पुतण्याची बाजू घेतली. म्हटलं, दादा, हे काही परवाचं खूळ नाही. हॅना आणि बार्बेरा या दोघांनी १९४० साली ही जोडी पडद्यावर आणली. त्या पहिल्या चित्रपटात मांजराचं नाव टॉमसुद्धा नव्हतं, जॅस्पर होतं. पुढं या मांजर-उंदरांनी सात ऑस्कर मिळवली.

"मिळाली ती मांजराला," दादा म्हणाले. "ह्याला काय मिळालं?"

सल्लागार गप्प बसला.

पण हा नाद पोराच्या अंगात आला कुठून, याचा मी मनातल्या मनात माग काढला, तो थेट आमच्या आज्जीपर्यंत गेला. आज्जीला अक्षरओळख नव्हती. आमचे वडील, म्हणजे अण्णा, परभणीला कामाला गेले की येताना कधी कधी एखादा जुना 'मोहिनी'चा अंक आणत. घरात तो वाचायचा क्रम ठरलेला असे : अण्णा, मग काका, मग आम्ही पोरं. आज्जी मात्र सगळ्यांच्या आधी अंक हातात घेई, कारण तिला वाचायचंच नसे. शि. द. फडणीस हा माणूस जणू खास तिच्यासाठी चित्रं काढायचा. बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावी १९२५ साली जन्मलेल्या या चित्रकारानं बिनशब्दांच्या हास्यचित्रांवर सगळी कारकीर्द उभी केली. चित्राखाली ओळ नाही, तोंडातून निघालेला फुगा नाही. त्यामुळं ज्या घरात निम्मी माणसं शाळेची पायरी चढलेली नव्हती, त्या घरात विनोद एकदम पहिल्या पंगतीला जाऊन बसला.

त्यांचं एक गाजलेलं मुखपृष्ठ आहे. एक तरुण आणि एक तरुणी. त्याच्या शर्टावर मांजरांची नक्षी, तिच्या साडीवर उंदरांची. आज्जीनं ते कुठल्याशा अंकात पाहिलं. चित्र आधी लांब धरलं, मग जवळ, मग उजेडाकडं. साडीवर बोट ठेवलं, तिथून ते शर्टावर नेलं, पुन्हा साडीवर आणलं. आणि मग पदर तोंडात कोंबून अशी हसली की गोठ्यातून काका धावत आला. हसू ओसरल्यावर तिनं गंभीरपणे सल्ला दिला : "लगीन झाल्यावर दोघांचं धुणं एका बादलीत भिजवू नका म्हणावं."

आता सांगा, या बाईचा पणतू टॉम अँड जेरी बघणार नाही तर काय बातम्या बघणार?

याच आज्जीनं माझ्या आवडीवर मात्र गदा आणली. मला वेड होतं इंद्रजाल कॉमिक्सचं. १९६४ साली निघालेली ही चित्रमालिका १९९० मध्ये बंद पडली, आणि मधल्या काळात मराठवाड्यातल्या किती पोरांचा गणिताचा पेपर तिनं बुडवला याची नोंद बोर्डाकडं नाही. त्यात परदेशातला फँटम मराठीत वेताळ होऊन आला होता. मी रात्री कंदिलाजवळ पुस्तक धरून बसलो होतो. आज्जीनं विचारलं, "काय वाचायलास रं?" मी भाबडेपणानं म्हणालो, "वेताळ." दुसऱ्या मिनिटाला माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या जात होत्या. तो कवटीच्या गुहेत राहतो नि गुंडाच्या जबड्यावर ठोसा मारून कवटीची खूण उठवतो, हे मी खुलासा म्हणून सांगितलं. त्यानं प्रकरण जास्तच चिघळलं. तेव्हापासून मी त्याला घरात 'मामा' म्हणू लागलो. "मामाची गोष्ट वाचतोय," म्हटलं की आज्जी दिवा मोठा करून देई.

दादांचं प्रकरण वेगळं. दादा गावात गंभीर माणूस म्हणून प्रसिद्ध आहेत. मयतीत आणि सोसायटीच्या निवडणुकीत त्यांना पुढं बसवतात. पण ज्वारीच्या कोठीमागं फळीवर दादांचे 'आवाज'चे दिवाळी अंक आहेत, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणालाच ठाऊक नाही. मधुकर पाटकरांनी १९५१ साली 'आवाज' सुरू केला आणि त्यातल्या खिडकी-चित्रांनी महाराष्ट्रातल्या भल्या भल्या सभ्य माणसांची परीक्षा घेतली. पानाला चौकोनी खिडकी कापलेली. खिडकीतून जे दिसतं त्यावरून मन भलतीकडं धावतं. पान उलटावं तर मागं कुणीतरी निरागसपणे भोपळा कापत बसलेलं असावं, अशी त्यातली गंमत. म्हणजे पाप चित्रकाराच्या मनात नव्हतंच, तुमच्या मनात होतं! गावातल्या सलूनमध्ये असा एक अंक बरीच वर्षं होता. कथांची पानं कोरी करकरीत, आणि खिडक्यांच्या कडा तेवढ्या बोटं लागून लागून काळ्या पडलेल्या. मराठी साहित्याचा वाचक नेमका कुठं आहे, याचा इतका सरळ पुरावा मी दुसरीकडं पाहिलेला नाही.

चित्रांचं हे असं. ऐकायच्या विनोदात गावाचा कस लागला तो 'वऱ्हाड निघालंय लंडनला'च्या कॅसेटनं. औरंगाबादला विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारे प्रा. लक्ष्मण देशपांडे एकटेच रंगमंचावर उभे राहत आणि बावन्न पात्रं उभी करत. पुण्या-मुंबईचं पब्लिक खुर्च्यांतून खाली पडायचं. आमच्या गावात ती कॅसेट एका लग्नघरी कर्ण्यावर लावली. मांडवात पोरं हसत होती. पण पारावरची म्हातारी मंडळी कान देऊन, चिंताक्रांत चेहऱ्यानं ऐकत होती. विमानात बसायला निघालेल्या त्या वऱ्हाडाचा गोंधळ, रुसवे-फुगवे, सामानाची गाठोडी... अर्धा तास झाल्यावर एक आजोबा म्हणाले, "यात हसायचं काय हाय? बराबर बोलायलेत की लोकं." दुसरे म्हणाले, "आपल्या मानवतच्या सोयऱ्यात झालं होतं असंच." लक्ष्मणराव २००९ साली गेले. त्यांना यापेक्षा मोठी दाद कुठल्या नाट्यगृहात मिळाली असेल, असं मला वाटत नाही.

चिंटूची गोष्ट थोडक्यात सांगतो. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा हा पोरगा १९९१ साली 'सकाळ'मध्ये अवतरला. आमच्या धाकट्या बहिणीला तो कापून वहीत चिकटवायचा नाद लागला. पेपर शेजाऱ्यांचा, कात्री आमची. एके दिवशी चिंटूच्या पाठीमागं कापसाचे भाव होते. पुढचं सांगत नाही. दोन्ही घरांत आता बोलणं आहे.

वैनींचा विनोद रात्री नऊनंतरचा. आधी 'चला हवा येऊ द्या' होतं, मग 'हास्यजत्रा' आली. पुनःप्रक्षेपणासकट सगळं पाहून त्यांचं इतकं पाठ झालंय की नट तोंड उघडायच्या आत त्या म्हणतात, "आता बघा, आता हा पडतो." तो पडतो. मग वैनी आधी हसतात, नंतर टीव्हीतले लोक. घरातली नातवंडं मोटू-पतलू नि डोरेमॉनवर वाढली. ती म्हशीशीसुद्धा हिंदीत बोलतात. "चलो, हटो" म्हटल्यावर म्हैस जागची हलत नाही. तिचं शिक्षण मराठीत झालंय.

आता राहिले छंद. गावात छंदाला एक अट असते : त्यातून काहीतरी निघालं पाहिजे. नुसतं बसून आभाळाकडं बघणाऱ्याला पूर्वी आमच्याकडं रिकामटेकडा म्हणत. मग आमच्याच तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे पंजाबराव डख पावसाचे अंदाज सांगून राज्यभर नावाजले, आणि पारावरच्या प्रत्येक रिकामटेकड्याची एकदम बढती झाली. आता जो तो मावळतीकडं डोळे बारीक करून बघतो आणि म्हणतो, "चोवीस तारखेच्या पुढं बघा." कुठल्या महिन्याची, ते सांगत नाही.

बारवेचंही तसंच झालं. वालूरला जुन्या बारवा बऱ्याच. त्यातली एक फारच देखणी, पायऱ्या चकरा घेत घेत खोल उतरणाऱ्या. ती वर्षानुवर्षं गाळ-कचऱ्यात होती. मग गावकऱ्यांनी श्रमदान करून ती उपसली, घासूनपुसून मोकळी केली, आणि लांब लांबचे लोक कॅमेरे घेऊन बघायला येऊ लागले. एरवी घरची चार घागरी पाणी आणायला सांगितलं तर ज्यांची कंबर धरते, अशी पोरं तिथं सकाळी टोपली घेऊन हजर! त्यांच्या आया कौतुकानं आणि थोड्या रागानंही बघत होत्या. एकीनं मला विचारलं, "भावजी, आमच्या परसातबी एखादी जुनी बारव निघंल का हो? तेवढंच अंगण साफ होईल."

पुतण्याच्या बायोडाट्यावर शेवटी 'वाचन, प्रवास, शेती' असं गेलं. वाचन म्हणजे मोबाइल. प्रवास म्हणजे सेलू ते परभणी रेल्वेनं, दारात उभं राहून. शेती म्हणजे आमच्या रानाचा बांध त्यानं दोनदा पाहिलाय, त्यातला एकदा चुकून शेजाऱ्याचा. स्थळ पसंत पडलं. मुलीच्या रकान्यात 'वाचन, संगीत, भरतकाम' होतं. बघण्याच्या कार्यक्रमात दोघांना पाच मिनिटं बोलायला वेगळं बसवलं, तर आतून हसण्याचा आवाज आला. दोन्हीकडची मोठी माणसं अस्वस्थ झाली. नंतर कळलं की ती शिनचॅनवाली निघाली. आता रिमोटवरून होणारी भांडणं निदान एका खात्यातली असतील.

लग्नाच्या निमित्तानं घर रंगवायला काढलं आणि घरच्यांनी कोठीमागची फळी रिकामी करून सगळे अंक रद्दीत घातले. दादा त्या वेळी पत्रिका वाटायला गेले होते. मी ओट्यावर पोचलो तोवर रद्दीवाल्याचा काटा टांगलेला होता. तो एकेक गठ्ठा पारड्यात टाकत होता. मधेच एक 'आवाज' त्याच्या हातात आला. त्यानं पान उघडलं, खिडकीतून पाहिलं, पान उलटलं, पुन्हा खिडकीतून पाहिलं, आणि तो अंक हळूच मांडीखाली सारला.

"तो कामून बाजूला ठेवला?" मी विचारलं.

"ते पान फाटलंय, काका. मधीच चौकोन गेलाय. वजनात नाही बसत."

"मग दे इकडं, आम्हीच ठेवतो."

"फाटका ठेवून काय करता?"

"तू काय करणारेस?"

तो जरा विचारात पडला. मग काटा खाली ठेवून म्हणाला, "असं करू. असले फाटके अजून किती हायत ते आधी बघून घेऊ. वजनाचं मागून बघता येईल."

मी सरकून त्याला ओट्यावर जागा दिली. आतून वैनींनी विचारलं, "चहा किती टाकू?"

"दोन," मी म्हणालो. तेवढ्यात दादांची गाडी दारात येऊन थांबली. त्यांनी आधी काट्याकडं पाहिलं, मग रद्दीवाल्याच्या मांडीकडं.

"तीन," दादा म्हणाले.