२० टक्क्यांचा पाहुणा

रेल्वेने २०२५ च्या दिवाळीच्या तिकिटांवर २० टक्के सूट जाहीर केली, हे मी जेवताना मोठ्याने वाचलं. चूक माझीच.

आईने ताकाची वाटी खाली ठेवली. "म्हणजे माझी पुन्हा सुरू झाली?"

"तुझी नाही. ही वेगळी. राउंड ट्रिप पॅकेज. जायचं तिकीट काढलं की यायच्या तिकिटावर सूट."

"मग बरंच आहे की. गेलं की यायचं असतंच." आईने वाटी पुन्हा उचलली. इतक्या सरळ हिशेबाने रेल्वे चालत नाही, हे तिला कोणीतरी समजावून सांगायला हवं होतं. ते काम माझ्याकडे आलं.

आमची भाऊबीज दरवर्षी नागपूरला, ताईकडे. रात्री कल्याणला गाडीत बसायचं, सकाळी नागपूर. त्या वर्षी भाऊबीज २३ ऑक्टोबरला, गुरुवारी. योजनेत जाण्याची तारीख १३ ते २६ ऑक्टोबर २०२५ या दरम्यानची हवी होती. ती आम्हाला आयतीच बसत होती. परतीची तारीख मात्र १७ नोव्हेंबर ते १ डिसेंबर. मला वाटलं छपाईत महिना चुकला. परिपत्रक पुन्हा वाचलं. छपाई ठीक होती, महिना आमचाच चुकत होता.

कालनिर्णय खिळ्यावरून उतरलं. आईने चष्मा चढवला आणि चौकटींवरून बोट फिरवायला लागली. भाऊबीज. पांडवपंचमी. कार्तिकी एकादशी. तुळशीचं लग्न. त्रिपुरी पौर्णिमा. संकष्टी. बोट १७ तारखेवर टेकेपर्यंत पान उलटून झालं होतं, विठ्ठल दर्शन देऊन मोकळा झाला होता आणि तुळस सासरी रुळली होती. "पंचवीस दिवस," आई म्हणाली. "बाळंतपणाला गेल्यासारखं."

ताईला फोन लावला. ताई मनाने मोठी. "या की, राहा की," ती एका दमात म्हणाली. भाऊजीही मागून ओरडले, "राहा नं बाप्पा!" पण त्यांनी तारीख ऐकली नव्हती. मी तारीख सांगितली. पलीकडे शांतता. त्या शांततेत त्यांच्या कुकरची एक शिट्टी मला इथे डोंबिवलीत स्वच्छ ऐकू आली. मग ताई म्हणाली, "ह्यांना विचारून सांगते." लग्नाला २८ वर्षं झाली, ताईने भाऊजींना काही विचारून सांगितल्याचं मला आठवत नाही.

पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै आणि तिसऱ्या दिवशीही राहिला तर अक्कल गेली, असं आपल्याकडे म्हणतात. पंचविसाव्या दिवशी काय जातं याबद्दल म्हण गप्प आहे. ती रचणाऱ्याला परतीच्या तिकिटात सूट मिळालेली नव्हती.

आता हिशेब. समजा मूळ भाडं हजार रुपये. जाण्याचे हजार, येण्याचे हजार. सूट फक्त येण्याच्या हजारावर, म्हणजे दोनशे. दोन हजारांत दोनशे सुटले. शाळेत याला १० टक्के म्हणायचे. त्यातही सूट मूळ भाड्यावर. आरक्षण शुल्क, सुपरफास्टचा आकार, एसीवरचा जीएसटी हे सगळं जागच्या जागी. ऑनलाइन काढलं तर सुविधा शुल्क वेगळं: एसीला ३० रुपये, बिगर एसीला १५, वर त्याचाही जीएसटी, यूपीआयने दिले तर अनुक्रमे २० आणि १०. हे शुल्क दर तिकिटाला, म्हणजे जाण्याचं एकदा आणि येण्याचं एकदा. सुविधेची किंमत द्यायला माझी ना नाही. घरी बसून, आपल्या विजेवर, आपल्या डेटावर, कारकुनाचं काम आपणच करायचं आणि त्याबद्दल कारकुनाला द्यावेत तसे पैसेही आपणच भरायचे, एवढं फक्त पचायला वेळ लागतो.

तिघांचे मिळून सहाशे वाचणार. पंचवीस दिवस बहिणीकडे राहणारा माणूस रिकाम्या हाताने दूध आणायलाही जात नाही. सहाशे रुपये पहिल्या रविवारीच संपले असते.

अटींचं शेपूट यापुढे सुरू होतं. दोन्ही तिकिटं कन्फर्म हवीत; वेटिंगवाल्याला सूट नाही. प्रवासी तेच हवेत, डबा त्याच वर्गाचा हवा, स्टेशनांची जोडी तीच हवी. कल्याणला चढलात तर कल्याणलाच उतरा, सामान जास्त झालं म्हणून ठाण्याला उतरायचं तिकीट मागू नका. जाण्याचं आधी काढायचं, मग त्याच्या शेपटाला येण्याचं जोडायचं. एक खिडकीवर आणि एक मोबाइलवर, असं चालणार नाही. दुसरी कुठली सवलत, पास, व्हाउचर यात मिसळायचं नाही. तिकिटात बदल नाही. आणि रद्द केलं तर परतावा नाही. म्हणजे नोव्हेंबरमध्ये आपल्या घरात कोणी आजारी पडणार नाही, याची हमी ऑगस्टमध्ये द्यायची. त्या हमीचे दोनशे रुपये स्वस्तच म्हणायला हवेत.

शिवाय फ्लेक्सी भाड्याच्या गाड्या वगळल्या होत्या. २०१६ पासून त्या गाड्यांत दर १० टक्के सीट भरल्या की भाडं १० टक्क्यांनी वर सरकतं. तिथे नुसता उशीर केला की दंड होतो, बाकी अट काही नाही. दर वाढवताना रेल्वे किती सुटसुटीत होते बघा. १ जुलै २०२५ ला भाडं किलोमीटरमागे मेल-एक्सप्रेसच्या बिगर एसीला १ पैसा आणि एसीला २ पैसे वाढलं. त्याच दिवसापासून ऑनलाइन तत्काळसाठी आधार पडताळणी सक्तीची झाली, पंधरा दिवसांनी ओटीपी आला. भाडेवाढीला मात्र कोणी ओटीपी मागितला नाही.

या योजनेतली एक गोष्ट खरोखर कामाची होती, तीही सांगतो. एरवी आरक्षण साठ दिवस आधी उघडतं (ऑक्टोबर २०२४ पर्यंत ते १२० दिवस होतं). या योजनेत परतीच्या तिकिटाला ती मुदत नव्हती. १४ ऑगस्टला जाण्याचं मिळालं की नोव्हेंबरचं येणंही तेव्हाच हातात. ज्याला सणानंतर महिनाभर गावी राहायचंच आहे, त्याला हे सोन्यासारखं. असा माणूस आहे का? आहे. मुंबईत बांधकामावर राबणारा, छठला गावी जाणारा, शेतीची कामं उरकून, घरातलं एखादं लग्न लावून परतणारा. योजना त्याच्याच मापाने शिवलेली दिसत होती. पण तो बहुतेकदा जनरलच्या डब्यात दाराशी उभ्याने जातो. दोन्हीकडचं कन्फर्म तिकीट त्याच्याकडे असतं, तर तो तिथे उभा कशाला राहिला असता?

आमच्यासारख्यांना नुसती जाण्याचीच मारामार. सणाचं आरक्षण सकाळी आठला उघडतं. आठ वाजून काही मिनिटांनी हिरव्या आकड्याच्या जागी वेटिंग येतं, मग तेही भरतं आणि पडद्यावर एकच शब्द उरतो: रिग्रेट. सरकारी खात्याने प्रजेकडे व्यक्त केलेला हा कदाचित एकमेव खेद असावा. ४० टक्के नको, २० नको, निदान पूर्ण पैसे घेऊन बसायला जागा द्या, अशी अवस्था असताना सूट जाहीर करणं म्हणजे पंगत उठल्यावर "आता आग्रह नाही हं, पोटभर जेवा" म्हणण्यापैकी.

आईचा मूळ प्रश्न राहिलाच. तिची सूट म्हणजे ज्येष्ठांची. पुरुषांना साठीनंतर ४० टक्के, बायकांना अठ्ठावन्नपासून ५० टक्के. अट एकच, वय. तेही फॉर्ममध्ये असतंच, वेगळं काही भरावं लागत नसे. २०१७ मध्ये त्या फॉर्ममध्ये एक नवं कलम आलं: पूर्ण सवलत हवी, निम्मी सोडायची की सगळी सोडायची? आईने चष्मा पुसून पूर्ण सवलतीवर टिचकी मारायला लावली होती आणि वर म्हणाली होती, "विचारतात तरी." २० मार्च २०२० ला कोविडमध्ये म्हाताऱ्यांनी उगाच हिंडू नये म्हणून सवलत थांबवली. त्या वेळी कोणी विचारलं नाही. कोविड गेला, गाड्या सुरू झाल्या, मास्क उतरले. संसदेच्या समितीने निदान स्लीपर आणि थ्री टियर एसीला तरी सवलत परत द्यायचं बघा, असं सुचवून पाहिलं. संसदेत प्रश्न आला की उत्तर ठरलेलं: प्रत्येक प्रवाशाला सरासरी ४६ टक्के सूट मिळतेच आहे. तिकिटावरही छापलेलं असतं की रेल्वे प्रवासखर्चाच्या सरासरी ५७ टक्केच वसूल करते. पाहुण्याला पानावर बसवून भाजीचा भाव सांगावा, तसं.

फॉर्म वय अजूनही विचारतो. आता ते लोअर बर्थसाठी. म्हणजे म्हातारपण मान्य आहे, फक्त पैशांचं काढू नका.

रात्री हा सगळा वृत्तांत मी आईला ऐकवला. तिने ऐकून घेतला, कालनिर्णय उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने लिहायला लागली. मला वाटलं फराळाची यादी. वाकून पाहिलं तर कल्याण–नाशिक. नाशिक–धुळे. धुळे–जळगाव. जळगाव–अकोला. अकोला–अमरावती. अमरावती–नागपूर. प्रत्येकापुढे एक शून्य. २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे. कंडक्टर आधार बघतो, मशीनमधून शून्याचं तिकीट निघतं, झालं.

"अगं, दोन दिवस लागतील."

"धुळ्याला मावशी आहे. तिच्याकडे एक रात्र काढीन." तिने धुळ्याभोवती गोल केला. मग पेन्सिल तशीच धरून विचारलं, "परत कधी येणार ते एसटीवाले आधी विचारतात का रे?"