डाव्या हातावरचे केस

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातला चाकूपारखी ओळखायचा तर त्याच्या तोंडाकडे पाहू नये, डाव्या हाताकडे पाहावे. मनगटाच्या चार बोटे वर आधार कार्डाएवढी जागा गुळगुळीत असते आणि तिच्या चारी बाजूंना केस शाबूत असतात. भाजल्याचा वण नव्हे, कातडीचा रोगही नव्हे. नवा चाकू हाती आला की हा गृहस्थ साबण-पाणी काही न लावता तिथले केस उतरवून पाहतो. सरसर उतरले तर धार पास, ओढले गेले तर रिवर्क. वय पंचेचाळिशीच्या आसपास, भोसरीत किंवा चाकणला क्वालिटी विभागात नोकरी, घर मोशीला नाहीतर चिखलीला, पँटच्या खिशात एक घडीचा चाकू आणि डब्याच्या पिशवीत आणखी दोन. साखरपुड्याच्या पंगतीत शेजारी बसला की जिलबी यायच्या आत तो चाकू उघडून तुमच्या हातात देतो आणि विचारतो, "प्ले किती वाटतो?" प्ले म्हणजे उघडलेले पाते डावीकडे-उजवीकडे किती हलते ते. तुम्ही "नाही वाटत काही" म्हणालात की तो समाधानाने मान हलवतो, कारण त्याला तुमचे मत नको असते, तुमचे अज्ञान हवे असते. दिवाळीच्या बोनसात एकदम तीन-चार चाकू येतात तेव्हा डावा हात अपुरा पडतो आणि परीक्षा पोटरीवर सरकते. पोटरीही संपली की तो मुलाच्या हाताकडे आशेने पाहतो. मुलगा फुल बाह्यांचा शर्ट घालून क्लासला निघून जातो.

हा तुलना कशाकशाची करतो, तेही पाहिले पाहिजे. पहिला मान फ्रान्सच्या ओपिनेलचा. साव्हॉय भागातल्या एका अवजारे घडवणाऱ्याच्या पोराने 1890 साली काढलेला हा लाकडी मुठीचा साधा चाकू. 1955 साली त्याला फिरणारी कडी बसली आणि उघडे पाते बोटांवर मिटायचे थांबले. मूठ बीच लाकडाची, ती पाणी पिऊन फुगते. त्यामुळे आपल्याकडच्या जुलैत ओपिनेल आवळून बसतो आणि मुठीचे बूड टेबलावर आपटल्याखेरीज पाते बाहेर येत नाही. दुसरा जपानच्या मिकी गावचा हिगोनोकामी. पत्र्याची दुमडलेली मूठ, एक रिव्हेट, पात्याला मागे एक शेपटी, लॉक नाहीच. शेपटी अंगठ्याने दाबून धरायची. एके काळी जपानी शाळकरी पोरे यानेच पेन्सिली तासत, आज त्या नावाचा हक्क एकाच घराकडे उरला आहे. तिसरा रामपुरी. कमानीचा, कटकट वाजत उघडणारा आणि हिंदी सिनेमातल्या खलनायकांनी नाव घालवलेला. 2023 साली रामपूर शहराने चौकात सहा मीटरांहून लांब चाकू उभारून ते नाव पुन्हा उजळायचा प्रयत्न केला. (त्या चाकूची बातमी वाचून चाकूपारख्याच्या मनात आलेला प्रश्न वाचकाने ओळखला असेल. धार तपासायला तेवढा हात मात्र कोणाकडे नाही.) आणि चौथा, सगळ्यांत महत्त्वाचा, "माझ्या लोहाराचा". हा लोहार आळंदी रस्त्याला बसतो की शेलपिंपळगावच्या बाजूला, ते तो मरेपर्यंत सांगणार नाही.

तुलनेची रीत कारखान्यातून आलेली आहे. व्हर्नियरने पात्याची जाडी तीन जागी, रिव्हेटचा व्यास दोन जागी, मग एक्सेलचा तक्ता. तेवढ्याने भागत नाही म्हणून तिसऱ्या पाळीला लॅब रिकामी असताना चाकू रॉकवेल मशीनखाली जातो. हिऱ्याचे टोक दीडशे किलोच्या भाराने पोलादात रुतते तेव्हा काठिण्याचा आकडा मिळतो आणि पात्यावर बारीक खड्डा राहतो. तीन आकडे घेतले की तीन खड्डे. अशा रीतीने लोहाराने गुळगुळीत केलेले पाते देवीच्या वणांनी भरून घरी परत येते आणि तक्त्यात शेरा पडतो, "रेंज जास्त". एवढ्या परीक्षांतून उत्तीर्ण झालेला चाकू पुढे करतो काय? कांदा बायको विळीवर चिरते, कलिंगड सुरीने कापले जाते, वाढदिवसाच्या केकसाठी बेकरीवाला प्लॅस्टिकची सुरी देतो. खिशातल्या चाकूला वर्षभरात एकच काम पडते, ते म्हणजे कुरिअरने आलेले खोके उघडणे. खोक्यात पुढचा चाकू असतो. मग पुन्हा डावा हात.

अशा माणसाला रिकामटेकडा म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण मुद्दा नेमका इथेच निघतो. हातकारागिरी कौतुकावर जगत नाही. ती जगते खोड काढणाऱ्या गिऱ्हाइकावर. पुरावा आपल्याच चंचीत होता. अडकित्ता म्हणजे तरी काय, दोन दांड्या आणि एक रिव्हेट; चाकूच्या सांध्याचाच भाऊ. ज्या काळी गावातला प्रत्येक जाणता माणूस दिवसातून दहा वेळा सुपारी कातरायचा, त्या काळी रिव्हेट ढिली असेल तर खांडाऐवजी चुरा पडायचा आणि तो चुरा तळहातावर घेऊन माणूस तडक लोहाराच्या दारात उभा राहायचा. अशा तक्रारी खाऊन खाऊन अडकित्त्याचा सांधा घोटीव झाला, मग त्यावर घोडे, मोर, राघू चढले. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात ते रांगेने पाहायला मिळतात. दिनकर केळकरांनी घरोघर हिंडून जमवलेला हा ठेवा 1975 साली राज्य सरकारच्या स्वाधीन केला, म्हणून तो वाचला. मधल्या काळात सुपारी कातरलेली मिळू लागली, मग पुडीतून आली, पुढे गुटख्यात गेली. अडकित्ता खिशातून गेला, तक्रार थांबली आणि घडवणाऱ्याचे काम थांबले. काचेआडच्या अडकित्त्याचे कौतुक सगळे करतात, पण त्याचा प्ले कोणी तपासत नाही. कारागिरी मेल्याची खूण ती हीच.

उलट बाजूने असे विचारता येईल, की हातघडणीच्या वस्तूला व्हर्नियर लावणे हाच अन्याय नव्हे का? अर्धा अन्याय आहे, अर्धा नाही. आणि हे दोन अर्धे वेगळे करण्यासाठी लोहार करतो काय ते पाहावे लागेल. आपल्या भागातले घिसाडी आणि लोहार बहुधा भंगारातल्या ट्रकचा कमानपाटा घेतात. पिंपरीला टेल्कोचे काम 1960च्या दशकात सुरू झाले. तिथून बाहेर पडलेला एखादा ट्रक आयुष्यभर ऊस नाहीतर वाळू वाहून भंगारात येतो आणि त्याच्या पाट्याचा कोयता, विळा, खुरपे आणि कोणी मुद्दाम मागितलाच तर घडीचा चाकू होतो. पाटा कुठल्या गिरणीचा, कुठल्या प्रतीचा, याचा दाखला कोणी देत नाही. लोहार तो सहाणेच्या चाकाला लावून ठिणग्या पाहतो, तुकडा मोडून आतला कण पाहतो. मग भाता, घण, ऐरण. घिसाड्याच्या पालावर घण बहुतेक वेळा बाईच्या हातात आणि सांडशी बाप्याच्या. पाणी पाजताना पोलाद इतके तापवायचे की लोहचुंबक चिकटेनासा होतो, ते सुमारे 770 अंश. पण तो ते अंशांत मोजत नाही, रंगावर ओळखतो आणि उन्हात रंग फसवतो म्हणून भट्टी सावलीत मांडतो. नंतर पाते पुन्हा हलके तापवून गवती पिवळा रंग आला की थांबायचे. शेवटी रिव्हेट. हातोडीचा एक ठोका जास्त पडला तर पाते नखाने उघडत नाही, एक कमी पडला तर लुळे पडते.

यावरून दोन गोष्टी वेगळ्या पडतात, फरक आणि दोष. एकाच लोहाराच्या तीन चाकूंची काठिण्ये थोडी वेगळी निघाली, तर तो फरक आहे. माल वेगळा, म्हणून पाणी वेगळे. चाकणमधल्या ब्रेकच्या भागाला हा फरक चालणार नाही, कारण तो भाग कुठल्याही गाडीत बसला पाहिजे. चाकू दुसऱ्या चाकूत बसवायचा नसतो, तो एका मुठीत बसला की झाले. म्हणून चाकूपारख्याचा "रेंज जास्त" हा शेरा फुकटचा, आणि पात्यावरचे तीन खड्डेही फुकटचे. पण सांधा हलतो हा दोष आहे. हलणारे पाते दाबाखाली तिरपे होते, बोटांवर मिटते, आणि त्याला हाताचे काम म्हणून माफी देणे म्हणजे लोहाराला लहान मूल समजणे. पारखी दहा गोष्टींत चुकतो आणि या एका गोष्टीत बरोबर असतो. जत्रेतल्या हस्तकला प्रदर्शनात "किती सुंदर" म्हणून फोटो काढणारे गिऱ्हाईक दहाही गोष्टींत गोड असते आणि सांधा उघडूनही पाहत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. कोयता म्हटले की या शहरात लोकांच्या डोळ्यांसमोर शेत येत नाही, सीसीटीव्हीतले दृश्य येते. कोयता विकताना गिऱ्हाइकाचे आधार कार्ड बघा, असे पुण्यात पोलिसांनी विक्रेत्यांना सांगून झाले आहे. अशा दिवसांत खिशात चाकू घेऊन हिंडणाऱ्याचे कौतुक कशाला? शस्त्र कायदा 1959 सालचा आहे आणि त्याच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे मोडतात, घरगुती आणि शेतीची अवजारे वगळून. आपल्या माणसाच्या चाकूचे पाते तीन इंचांचे. तरीही भररस्त्यात तो उघडून दाखवू नये, कंपनीच्या गेटवर जमा करावा, हे त्याला घरच्यांनी सांगायला हवे, कारण नाकाबंदीत हवालदाराने "हाताला काय झालं?" असे विचारले तर खरे उत्तर कोणालाच पटणार नाही. पण या माणसापासून समाजाला धोका आहे, असे म्हणणे म्हणजे त्याच्यावर न झेपणारे धाडस लादणे. धारेला भाजी लागली तर डाग पडेल म्हणून जो टोमॅटो कापत नाही, तो आणखी काय कापणार?

त्याच्यावरचा खरा आरोप वेगळाच आहे, आणि त्याचे उत्तर मिळत नाही. ओपिनेलला तो दोन-अडीच हजार रुपये बिनबोभाट मोजतो. ओपिनेल कारखान्यात लाखोंनी निघतो, तरी हा तक्त्यात त्याच्यापुढे "पारंपरिक" असे लिहितो. तोच माणूस लोहाराने चारशे सांगितले की "अडीचशे करा" म्हणतो, वर "प्ले आहे बघा" अशी पुष्टी जोडतो. म्हणजे दोष दाखवायचा तो सुधारावा म्हणून नव्हे, भाव पाडावा म्हणून. कारखान्यात हीच रीत चालते: व्हेंडरचा लॉट अडवायचा आणि मग दरावर बोलायचे. तिथे निदान व्हेंडरकडे दुसरे गिऱ्हाईक असते. पालावरच्या लोहाराकडे घडीचा चाकू मागणारा हाच एक येतो. घासाघीस केल्यावर लोहार शिकतो ते एवढेच, की सांध्यावर मेहनत घेतली तरी पैसे तेवढेच मिळतात; आणि पुढचा चाकू तो त्या हिशोबाने करतो. मग पारखी तक्त्यात लिहितो, "हल्ली काम घसरले."

एवढे बोलून झाल्यावर त्याच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावीच लागते. घिसाड्याच्या एखाद्या घडीच्या चाकूत पाते आणि मूठ यांच्या मध्ये कागदासारखा पातळ पितळी वॉशर दिसला, तर तो परंपरेतून आलेला नाही, हे नक्की समजावे. कोणीतरी चार रविवार पालावर उकिडवे बसून डोके खाल्ले आहे, मोटारसायकलच्या दुकानातून वॉशर आणून दिला आहे, आणि लोहाराने "साहेब, तुम्ही लई चिकट" म्हणत तो बसवला आहे. पाते त्यानंतर हलत नाही. तो वॉशर पुढच्या चाकूतही जातो, न मागता. 2025च्या फेब्रुवारीत पिंपरी-चिंचवड महापालिकेने कुदळवाडीतली भंगाराची गोदामे पाडली; जुन्या लोखंडाचे ठिकाण असे हलत राहणार, लोहाराची पोरे कंपनीत कंत्राटावर जाणार, आणि बारा वर्षांनी सांध्यावरचा तो शेवटचा ठोका किती जोराचा, हे ठाऊक असलेली दोन माणसे उरतील: एक ज्याने तो मारला, आणि दुसरा ज्याने तो कमी पडला म्हणून भांडण काढले. डाव्या हाताच्या त्या विद्रूप चौकोनाबद्दल तेवढी माफी द्यायला हरकत नाही.

तेव्हा तुमच्या ओळखीतल्या चाकूपारख्याला बदलायच्या फंदात पडू नका, त्याला एवढेच सांगा: लोहाराने सांगितलेले पैसे आधी पूर्ण मोज, नोटा त्याच्या हातात पडू देत, आणि मग हवा तेवढा प्ले काढ. तुम्हाला स्वतःला विळा, सुरी किंवा चाकू घ्यायचा असेल तर नियम हाच. कारण पैसे द्यायच्या आधी काढलेली खोड ही घासाघीस असते, आणि पैसे दिल्यावर काढलेली खोड लोहार पुढच्या वस्तूत दुरुस्त करतो.