पटनवीस

दरबारात फडणवीस, चिटणीस, पारसनीस असत, त्याप्रमाणे प्रत्येक वसाहतीत एक पटनवीस असतो. बुद्धिबळाचा डाव जिंकणे त्याच्या कर्तव्यांत मोडत नाही. पटावर जे घडते त्याची तोंडी बखर चालवणे, एवढीच त्याची वहिवाट. कोपरीत, मीठबंदर रस्त्यावरच्या आमच्या इमारतीत, जिन्याखालच्या बाकावर हे पद नानांकडे आहे. आणि कचेरी सोडून बारा वर्षे लोटली तरी त्यांची राज्यकारभाराची हौस चौसष्ट घरांत मावत नाही.

इतरांना वजीर म्हणजे हवा तिकडे, हवा तितका धावणारा मोहरा. नानांच्या लेखी तो प्रधान असून, त्याने आरंभीच शत्रूच्या मुलखात एकट्याने हिंडणे हा शिष्टाचाराचा भंग होय. पलीकडे पोचलेल्या प्याद्याला एकदम वजिरी बहाल करणारा विलायती नियम त्यांना सेवाज्येष्ठतेवरचा अन्याय वाटतो. घोड्याच्या घरात पोचले तर घोडा, उंटाच्या घरात पोचले तर उंट, ही जुनी देशी रीतच रास्त, कारण ‘जागा असेल त्याच हुद्द्यावर नेमणूक!’

एकदा मी धीर करून म्हणालो, “नाना, आपण ज्याला उंट म्हणतो त्याला इंग्रज धर्मगुरू म्हणतात आणि फ्रेंच विदूषक, चाल मात्र तीच. मग नावात आहे काय?”

“त्या तिघांपैकी सरळ चालणारा एक तरी दाखवा,” नाना उत्तरले.

मी जपान्यांच्या ‘गो’चा दाखला काढला: 19 उभ्या आणि 19 आडव्या रेघा, 361 छेदनबिंदू, काळे-पांढरे खडे, ना राजा, ना प्रजा. त्यात जमीन वेढायची असते एवढे ऐकताच नानांचा चेहरा उजळला. “म्हणजे हद्दीचा तंटा! मोजणी खात्याचे प्रकरण!”

दुसऱ्या मजल्यावरचा बंड्या बुद्धिबळाच्या शिकवणीला जातो आणि नानांना रोज हरवतो. गेल्या आठवड्यात त्याचा एक उंट गटारात पडला, तेव्हा त्याने खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचे झाकण त्या घरात ठेवले. “नाना, मोहरा दिसतो कसा याला महत्त्व नाही. चाल महत्त्वाची.”

नानांनी चष्मा सावरून त्या निराकार वस्तूचे अवलोकन केले आणि तिसऱ्या चालीपर्यंत तिचे ‘सरदार झाकणराव’ असे नामकरण करून, खोकल्याच्या मोहिमेत गाजलेल्या त्या घराण्याचा साद्यंत इतिहास कथन केला. बंड्या कुत्सितपणे हसला. मात्र डाव रंगात आल्यावर झाकणराव नानांच्या हत्तीच्या माऱ्यात सापडले. त्यांचा बळी दिला की दोन चालींत नानांचा राजा कैद, हे मलासुद्धा दिसत होते. बंड्याचा हात वजिराकडे गेला, घुटमळला, आणि त्याने झाकणरावांना अलगद मागे आणले.

“बंड्या, अरे, चाल?” मी न राहवून बोललो.

“असू दे हो काका,” तो खाली मान घालून म्हणाला.

पाचच चालींत प्यादेमात झाली. कित्येक महिन्यांनी लाभलेल्या त्या विजयाची वार्ता नानांना मलाच द्यावी लागली, ते झाकणरावांच्या वतनाची सनद सांगत होते, आणि बंड्या मध्येच त्यांना अडवून विचारत होता, “गाव कुठले लिहिले?”