कॅबिनेटसोबत ‘फुकट’ आलेल्या एसएमपीएसला खुले पत्र

तुला ‘प्रिय’ लिहायला हात धजत नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

लॅमिंग्टन रोडवर भाचीसाठी कॉम्प्युटर असेंबल करून घेतला, तेव्हा तू, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, कॅबिनेटमध्येच बसून आलास. ‘वेगळा कशाला घेता? यात ४५० वॅटचा आहेच,’ असं दुकानदार म्हणाला आणि मी ऐकलं. पोरीने व्हिडिओ रेंडरला लावला की मशीन आपोआप रीस्टार्ट व्हायचं. आम्ही रॅम बदलली, विंडोज दोनदा टाकलं. तुझा संशय कुणालाच आला नाही. मग एका रात्री फट्‌कन आवाज झाला, जळका वास सुटला, आणि जाताना तू मदरबोर्ड व हार्ड डिस्कही घेऊन गेलास. डिस्कवर तिचं वर्षभराचं काम होतं.

दुरुस्तीवाल्याने तुला माझ्यासमोर उघडलं. दोन कपॅसिटर फुगलेले, हीटसिंक पत्र्याएवढी पातळ. वीज जिथून आत येते, तिथे फिल्टरच्या कॉइलसाठी बोर्डावर जागा छापलेली, पण कॉइलऐवजी नुसत्या तारेचे तुकडे डकवलेले. जागा सोडायची आणि माल घालायचा नाही, याला चोरीच म्हणतात.

आणि तुझं ते स्टिकर! वर ठळक ४५०, खाली बारीक अक्षरात १२ व्होल्टपुढे १६ अँपिअर. गुणाकार केला: १९२ वॅट. बाकीचे वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनवर दाखवलेले, जिथे आजच्या मशीनला फारशी गरजच नसते. भाचीचं ग्राफिक्स कार्ड १२५ वॅटचं, प्रोसेसर ६५ चा. दोघेही १२ व्होल्टवर जगणारे. १९० तिथेच झाले, पंखे आणि डिस्क अजून मोजल्याच नाहीत. हा गुणाकार दुकानातच करायला हवा होता, ही चूक माझी. पण खोटं तुझ्या अंगावर छापलेलं होतं.

तुझ्या जागी आता जो बसलाय, तोही ४५० वॅटचाच, सुमारे तीन हजारांचा. साडेसातशे वॅटची आम्हाला गरजच नव्हती. याच्या स्टिकरवर १२ व्होल्टला ३६ अँपिअर आहेत, म्हणजे ४३२ वॅट. ‘८० प्लस ब्राँझ’ही आहे, पण त्यावरून वीज किती कमी वाया जाते एवढंच कळतं, म्हणून ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किटचं संरक्षण, वॉरंटीची वर्षं हे वेगळं वाचून घेतलं. घरच्या प्लगचं अर्थिंगही तपासून घेतलं. स्वस्त म्हणतात ते याला. तू आम्हाला मदरबोर्ड, डिस्क आणि पोरीच्या एका वर्षाच्या भावात पडलास.

उद्या तुला ई-कचऱ्यात देतोय. स्टिकर तेवढं सोलून पाकिटात ठेवलंय. शेजारचा मुलगा रविवारी कॅबिनेट घ्यायला जाणार आहे. त्याच्यासोबत मी जातोय.

— भाचीचा मामा