माजी, भावी आणि आपला विश्वासू

मे 2022 ते जानेवारी 2026 या काळात परभणी शहरात नगरसेवकाविरुद्ध तक्रार करायची सोय नव्हती. कारण साधं होतं. नगरसेवकच नव्हते. 2017 साली निवडून आलेल्या 65 जणांची मुदत संपली, निवडणुका कोर्टात अडकल्या आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. राज्यातल्या इतर महापालिकांचीही थोड्याफार फरकाने तीच गत होती, त्यामुळे परभणीने एकटीने वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही. पण साडेतीन वर्षांहून जास्त काळ एखाद्या शहराने नावं ठेवायची तरी कुणाला?

प्रशासकाला नावं ठेवता येत नाहीत असं नाही, पण त्यात मजा नाही. तो बदलीवर येतो, बदलीवर जातो. त्याच्या बहिणीच्या लग्नात आपण पंगतीला बसलेलो नसतो. "मतं मागायला आलास तवा आमच्याच ओट्यावर बसून च्या पिऊन गेलास की रे," हे वाक्य आयुक्तांना कसं ऐकवणार? आणि नगरसेवकाविरुद्धच्या तक्रारीचा अर्धा जीव तर याच वाक्यात असतो. उरलेला अर्धा नालीत.

त्या काळात शहरात माणसांचे दोनच प्रकार उरले होते, माजी आणि भावी. फ्लेक्सवर वाढदिवस भावींचे, आणि नाली तुंबली की लोक जायचे माजींकडे. सवयच ती. माजी आरामात सांगायचे, "काका, आता आपल्या हातात काय राह्यलंय?" पदावर असतानाही ते जवळपास हेच सांगत. फरक एवढाच की आता ते खरं होतं. पुढे तर माजीच तक्रारदार झाले. हार घालून सत्कार घेणारे हात निवेदनं घेऊन साहेबांच्या दाराबाहेर उभे राहू लागले. माझं प्रामाणिक मत असं की निवेदन लिहावं तर माजी नगरसेवकानेच. कोणता कागद कोणत्या टेबलावर झोपतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

सामान्य माणसाच्या अर्जाला मात्र एक ठरलेला थाट असतो. ओट्यावर बसून जो माणूस "त्याला काही लाज?" म्हणतो, तोच कागदावर "उपरोक्त विषयान्वये सविनय विनंती अर्ज सादर करतो की" असा सुरू होतो. तीन ओळींनंतर त्याचा राग कुठे गेला हे त्याचं त्यालाही सापडत नाही. शेवटी "उचित कार्यवाही व्हावी" आणि खाली "आपला विश्वासू". ज्याच्यावर काडीचाही विश्वास उरलेला नाही त्या कार्यालयाला आपण विश्वासू म्हणून सही करून देतो, ही सभ्यता थोर आहे. त्याखाली "प्रत माहितीस्तव" म्हणून मुख्यमंत्री, पालकमंत्री, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि सर्व दैनिकांचे संपादक. खांबावरचा एक दिवा लागत नाही, हे मुख्यमंत्र्यांना कळवून झालं की माणसाला त्या रात्री अंधारातही बरं वाटतं.

ज्यांचं एवढ्यावर भागत नाही त्यांच्यासाठी लोकशाही दिन आहे, महिन्याच्या पहिल्या सोमवारी. अर्ज पंधरा दिवस आधी, विहित नमुन्यात, आणि अट अशी की तक्रार वैयक्तिक स्वरूपाची हवी. म्हणजे सगळ्या गल्लीचं पाणी तुंबलं तर ते सार्वजनिक. तेच पाणी तुमच्या देवघरात शिरलं की तुमची तक्रार पात्र ठरते. गल्लीतला उतार कुणाच्या घराकडे आहे यावर लोकशाही अवलंबून असते, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आम्हाला शिकवलं नव्हतं.

परभणी नगरपरिषदेची महापालिका झाली 2011 साली. पहिली निवडणूक 2012 ची, दुसरी 2017 ची. मधला तो लांबलचक उपास सुटला 15 जानेवारी 2026 ला. मतदान झालं, दुसऱ्या दिवशी मोजणी, आणि पुन्हा 65 जण हजर! मतदाराने एकदम चार-चार बटणं दाबली, कारण बहुतेक प्रभाग चौघांचे असतात. अ, ब, क आणि ड. इथे तक्रारदाराची खरी परीक्षा. 'अ' म्हणतो ती नाली 'ब'च्या बाजूला येते. 'ब' म्हणतो निधी 'क'ने घेतला. 'क' बैठकीला मुंबईला गेलेला असतो. 'ड' जागा महिलांसाठी राखीव असेल, तर फोन त्यांचे यजमान उचलतात आणि "मॅडमना सांगतो" म्हणतात. चौघांच्या नावाने तक्रार करावी तर चौघांपैकी कुणालाच लागत नाही, आणि एकाच्याच नावाने करावी तर उरलेले तिघे आपल्याला चहा पाजतात.

बरं, नगरसेवकाचं वर्तन खरंच वाईट असेल तर कायदा आहे. 1949 चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, कलम 13. कर्तव्य करताना गैरवर्तन किंवा लज्जास्पद वर्तन केलं, तर राज्य शासन नगरसेवकाला पदावरून काढू शकतं. शासन आपणहून काढतं किंवा महापालिकेच्या शिफारशीवरून. शिफारशीसाठी एकूण सदस्यांच्या तीन चतुर्थांशांचा पाठिंबा लागतो. परभणीत त्याचा हिशेब 49. शहराच्या विकासाच्या एखाद्या ठरावावर 49 हात एकदम वर जातील की नाही याची मला खात्री नाही, मग स्वतःच्याच पंगतीतला एक पाट उठवायला ते जातील का? महापालिकेच्या ठेक्यात नगरसेवकाचा हितसंबंध असणं, अनधिकृत बांधकाम यांसाठी अपात्रतेची वेगळी कलमं आहेत. फोन न उचलणं मात्र कुठल्याच कलमात बसत नाही. लोकांची सर्वात मोठी तक्रार तीच, आणि कायद्याला तिचा पत्ताच नाही.

कायद्याची वाट धरून थेट दिल्लीपर्यंत गेलेलं एक प्रकरण उरणचं आहे. तिथले नगराध्यक्ष रवी भोईर यांच्याविरुद्ध तक्रार झाली, शासनाने त्यांना अपात्र ठरवलं, उच्च न्यायालयातही त्यांना दिलासा मिळाला नाही. मार्च 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला काढणं ही गंभीर गोष्ट आहे, उठसूट करायची नव्हे, असा त्याचा मथितार्थ. मला त्यातली भावली ती तक्रारदाराची गोष्ट. न्यायालय म्हणालं, तक्रारदार फार तर साक्षीदार, तो या वादातला पक्षकार नव्हे. आणि हे तक्रारदार कोण? माजी नगराध्यक्ष! पाहा, माजींचं महत्त्व मी वर सांगितलंच होतं.

आमच्या जिल्ह्यात तक्रारीची याहून जुनी आणि सरळ रीत आहे. गंगाखेडच्या जनाबाईंनी विठोबाला जे फैलावर घेतलं, त्याला ना विषय, ना संदर्भ, ना प्रत माहितीस्तव. आणि देव दळणाला बसला म्हणतात. नगरसेवकाकडून दळणाची अपेक्षा कुणी धरत नाही. घंटागाडी वेळेवर आली तरी पुष्कळ.

निवडणूक झाल्यावर आमच्या ओळखीतले एक निवृत्त मास्तर नव्या उमेदीने कचेरीसमोरच्या टायपिंगवाल्याकडे गेले. वॉर्डातल्या नव्या नगरसेवकाची वागणूक उर्मट आहे, असा मजकूर त्यांनी तोंडी सांगायला सुरुवात केली. टायपिंगवाला निमूट टाइप करत होता. मास्तरांनी 'उर्मट'ला दीर्घ ऊ लागलेला पाहून त्याला झापलं, त्याने तो ऱ्हस्व केला. मग नगरसेवकाचं नाव आलं तेव्हा मात्र त्याची बोटं थांबली.

"सर, ते आमचे साडू हायेत."

मास्तर क्षणभर गप्प झाले. पण पुढचं दुकान लांब होतं आणि ऊन फार होतं.

"मग आडनाव तरी नीट माहीत असेल तुला. टाक."

त्याने टाकलं. प्रिंट काढली, तीन झेरॉक्स जोडल्या, पैसे घेतले आणि विचारलं, "सर, चौथी काढू का? साडूंना पोचवतो संध्याकाळी. तुमचा हेलपाटा वाचंल."

मास्तरांनी पाच रुपये जास्तीचे दिले.