चाकोरीबाहेरचे तिसरे चाक

अथातो टायरजिज्ञासा. घनसावंगी तालुक्यातील जांब येथे 1608 मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खलक्षणे सविस्तर सांगितली. परंतु भर पावसाळ्यात मोसंबीचे कॅरेट भरून पाणंदीत अॅपे घालणाऱ्याचे लक्षण तेथे आढळत नाही. ती उणीव भरून काढण्याचा हा अल्प प्रयत्न.

पाणंदीला चाकोऱ्या दोन असतात. बैलगाडीने पाडलेल्या, ट्रॅक्टरने खोल केलेल्या. अॅपेला चाके तीन. मागची दोन चाकोरीत उतरवावीत तर पुढचे मधल्या गवताळ उंचवट्यावर चढते. पुढचे चाकोरीत घालावे तर मागचे एक उंचवट्यावर आणि दुसरे शेजाऱ्याच्या बांधावर जाते. नैयायिक याला उभयतःपाश म्हणतात. शेजारी काय म्हणतो ते छापण्याजोगे नाही.

आता पूर्वपक्ष. या शास्त्रात मुख्य संप्रदाय दोन. अष्टपंथी 4.00-8 हा प्रवासी रिक्षाचा टायर प्रमाण मानतात, दशपंथी 4.50-10 हा मालवाहू अॅपेचा. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत. (सहा प्लाय की आठ, हा शाखाभेद, माल भरणाऱ्याने आठ घ्यावा आणि वाद संपवावा.)

दशपंथीयांचे म्हणणे असे की चाक मोठे केले की खड्डा आपोआप लहान होतो. तपासून पाहू. या जुन्या घाटणीच्या टायरची उंची साधारण रुंदीइतकीच असते. म्हणजे आठाचे चाक 16 इंचांचे, दहाचे 19 इंचांचे. लाभ 3 इंच. पण आस चाकाच्या मध्यावर असल्याने गाडी उचलली जाते दीडच इंच. उरलेला दीड इंच आसाच्या वर निघून जातो. तो वाया गेला असे कोणी समजू नये. पुढे घात करतो तो तोच.

शिवाय 16 च्या जागी 19 आले की चाकाची ओढ सुमारे 16 टक्क्यांनी घटते. ओढ्याच्या चढावर पहिला गिअरही हात टेकतो आणि हौद्यातले सर्वजण खाली उतरून संप्रदायाची सेवा करतात. वेगमापकाचा काटा 16 दाखवतो तेव्हा गाडी 19 ने धावत असते, हा आनंद वेगळा. पाणंदीत तो कोणाला मिळाल्याचे ऐकिवात नाही.

तिसरा फुगीरपंथ परदेशी आहे. होंडाने 1970 मध्ये 22 इंची फुगीर, अगदी कमी हवेच्या टायरांची तीनचाकी काढली. तिला सस्पेन्शन नव्हतेच. ते कामही टायरच करीत. अशा तीनचाकी उलटून इतके अपघात झाले की 1988 च्या तडजोडीनंतर अमेरिकेत त्यांची विक्री बंद पडली. आमच्याकडे उलटायला आधी गाडी पुढे सरकावी लागते.

म्हणून मूळ प्रश्न मातीचा. अरुंद टायर चिखल चिरत खालच्या मुरमाला टेकतो, रुंद टायर वर तरंगतो, हे दोन्ही पक्ष ग्रंथात शोभतात. गोदाकाठच्या खोल काळीत मुरूम लागण्याआधी अॅपेचे पोटच टेकते. बरे, ही काळी ओली झाली की फुगते, वर चिकटते. चाकाच्या एका फेऱ्यात एक थर, दुसऱ्यात दुसरा. बांधापर्यंत जाता जाता 4.50 चा टायर कोणत्याही कंपनीच्या तक्त्यात न बसणाऱ्या मापाचा होतो. मग माती पुढच्या मडगार्डात ठासून बसते. चाक फिरायचे थांबते. गाडी मात्र नांगरासारखी पुढे जात राहते. आठाच्या जागी दहाचे चाक बसवणाऱ्याचे हे आधी होते, कारण वर गेलेल्या त्या दीड इंचाने मडगार्डाखालची जागा अगोदरच खाल्लेली असते.

तस्मात् सिद्धांत: निवडायचा असतो तो रिम नव्हे, टायरही नव्हे, टायर आणि मडगार्ड यांच्यामधली पोकळी. तालुक्यातला कोणताही पंक्चरवाला हाच निष्कर्ष तंबाखू मळता मळता सांगतो, ‘मडगार्ड काढून टाका ना भाऊ.’

मडगार्ड काढल्यावर सगळा चिखल समोरच्या काचेवर येतो, ही शंका रास्त आहे. परंतु ती वायपरशास्त्रात मोडत असल्याने प्रस्तुत ग्रंथाच्या कक्षेबाहेर आहे.