काळी गाडी घ्यायची, पण कोणती काळी?

सर्वप्रथम अभिनंदन. काका, मामा, शेजारी, गॅरेजवाला आणि ज्याने आयुष्यात गाडी घेतली नाही तो मावसभाऊ, अशा सगळ्यांनी "पांढरी घे" म्हणून सांगूनही तुम्ही जळगावात किंवा धुळ्यात राहून काळी गाडी घ्यायचं ठरवलंत. प्रस्तुत मार्गदर्शिका फक्त तुमच्यासाठी आहे. पांढरी घेणाऱ्यांचा विचार इथे केलेला नाही; शहाण्या माणसांना मार्गदर्शन लागत नाही. तुमच्यापुढे आता एकच प्रश्न उरतो : काळा सॉलिड की काळा मेटॅलिक?

पायरी पहिली. शोरूममध्ये रंग पाहू नका. तिथे गार एसी असतो, वर दिवे, खाली आरशासारखी फरशी आणि येता-जाता फडकं मारणारा एक मुलगा. तो मुलगा गाडीबरोबर मिळत नाही. सेल्समनला सांगा, "भाऊ, गाडी जरा बाहेर काढा," आणि दुपारी बाराच्या उन्हात तिच्यासमोर उभे राहा. रंगात बारीक चमचम दिसली तर मेटॅलिक. नुसता स्वतःचा घामेजलेला चेहरा दिसला तर सॉलिड. ढगाळ दिवस असेल तर मोबाइलचा टॉर्च पत्र्याजवळ धरा. सेल्समन हसेल. हसू द्या.

थोडं शास्त्र. कारखान्यात पत्रा आधी हौदात बुडवून त्यावर विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर चढवतात. त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. पुढची सात वर्षं हप्ते भरताना तुम्ही जीव टाकणार तो एवढ्यावर. सॉलिड काळ्यात मुख्य द्रव्य असतं कार्बन ब्लॅक, म्हणजे मुद्दाम तयार केलेली काजळीच. घरातल्या मोठ्यांनी "नवी वस्तू अन् काळी?" असा सूर लावला तर हे जरूर सांगा : अख्खी गाडीच तीट लावून आलीये, दृष्ट लागणार कुठे? मेटॅलिकमध्ये याच काळ्यात ॲल्युमिनियमच्या सूक्ष्म चकत्या मिसळतात आणि पर्लमध्ये अभ्रकाच्या. बाकी मिडनाइट, ॲबिस, नापोली ही सगळी नावं कंपनीच्या जाहिरात खात्यातली. पत्र्याला त्यातलं काही कळत नाही.

उष्णतेच्या बाबतीत दोघांत निवडण्यासारखं काही नाही. काही सेल्समन "मेटॅलिक ऊन परतवतं" असं सांगतात. तेवढ्या चकत्यांनी खान्देशचं ऊन परतत नाही. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने २०११ मध्ये दोन होंडा सिव्हिक, एक काळी आणि एक चंदेरी, उन्हात उभ्या करून पाहिल्या. काळीचं छत सुमारे २५ अंशांनी जास्त तापलं, आतली हवा ५-६ अंशांनी. आणि तो कॅलिफोर्निया होता. आपल्याकडे आखाजीच्या सुमारास भुसावळ-जळगावचा पारा ४५च्या आसपास खेळत असतो, आणि डिलिव्हरी तर तुम्हाला आखाजीलाच हवी आहे. त्या दिवशी बॉनेटवर हात टेकवून फोटो काढू नका.

पायरी दुसरी, पूजा. खरी परीक्षा इथूनच सुरू होते, म्हणून सविस्तर. गाडी दारात येते. चाकाखाली लिंबं. मावशी ताट घेऊन पुढे होते, ओलं कुंकू बोटावर घेते आणि बॉनेटवर स्वस्तिक काढू लागते. मावशीच्या त्या बोटात जळगावच्या सराफ बाजारातली ठसठशीत अंगठी आहे. तुम्ही "मावशी, अंगठी!" म्हणून ओरडेपर्यंत स्वस्तिकाची उभी रेघ पूर्ण झालेली असते, कुंकवातही आणि क्लिअर कोटमध्येही. मेटॅलिकवर ही रेघ चकत्यांच्या चमचमीत बऱ्यापैकी विरून जाते. सॉलिडवर गाडी विकेपर्यंत अर्धं स्वस्तिक राहतं. नारळ रस्त्यावर फोडा, बंपरवर नाही. कुंकू वाळायच्या आत ओल्या मऊ फडक्याने टिपून घ्या.

त्यानंतर धूळ. सुरत-नागपूर महामार्गावरून एक फेरी झाली की सॉलिड आणि मेटॅलिक यांतला फरक पूर्ण संपतो. दोन्ही राखाडी होतात. गंमत बघा, कपाशीची आपली जमीन काळीभोर, पण तिची धूळ काही काळ्या गाडीवर खपून जात नाही. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात राहत असाल तर राखेचा हिशेब वेगळा धरा. या धुळीत गारगोटीचे कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा कडक. म्हणून गल्लीतला पोरगा बोटाने मागच्या काचेवर नाव लिहितो ते पाण्याने जातं, पण दारावर लिहितो ते धुतल्यावरही वाचता येतं. तुम्ही स्वतः सकाळी जुन्या बनियनने गाडी कोरडी पुसता, तेव्हा हेच काम दोन्ही हातांनी करत असता. महिनाभरात उन्हात गोल-गोल जाळं दिसू लागतं. सॉलिड काळ्यावर ते सगळ्यात ठळक, मेटॅलिकवर कमी. आधी भरपूर पाणी मारा, मग पुसा. बोअरचं पाणी असेल तर ते अंगावर वाळू देऊ नका. क्षारांचे पांढरे ठिपके काळ्यावर उठून दिसतात. केळीचा चीक मात्र काळ्यावर दिसत नाही. रावेर-यावलच्या बागायतदारांना काळ्या रंगाच्या बाजूने एवढा एकच मुद्दा देता येईल.

इथपर्यंत मेटॅलिक जिंकत आलंय. आता काळीपिवळीवाला वळतो आणि तुमच्या दाराला चाटून जातो. सॉलिड असेल तर पेंटर तेवढं दार रंगवून मोकळा होतो. मेटॅलिकमध्ये चकत्या कशा पडतात हे फवाऱ्याच्या दाबावर, अंतरावर, हातावर ठरतं. म्हणून नुसतं दार रंगवलं की ते शेजारच्या पत्र्याहून वेगळं दिसतं, आणि मेळ बसवायला शेजारच्या पत्र्यावरही रंग ओढत न्यावा लागतो. खर्च वाढला. विम्याच्या साध्या पॉलिसीत रंगाच्या मालावर ५० टक्के घसारा कापतात, तो खिशातून. झीरो डेप घेतलं असेल तर हा परिच्छेद विसरा.

काळ्या गाडीला काळ्या काचाही शोभतील, असं एखादा मित्र सुचवेल. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काचांवर काळी फिल्म लावायला बंदी घातली. मित्राला दंडाची पावती भरायला सांगा.

एवढा अभ्यास करून शोरूममध्ये गेलात की सेल्समन सांगेल, "भाऊ, या मॉडेलला काळा एकच येतो." बहुतेक वेळा असंच असतं. खचून जाऊ नका. कोणताही काळा घेतलात तरी कट्ट्यावर प्रश्न एकच येणार आहे : "कायी गाडी कसाले लिधी रे भो?"

तरीही निवड हातात असेलच तर निकाल असा. गाडी अंगणात उभी राहणार, पोरं खेळणार, फडकं कोण मारेल याचा भरवसा नाही, तर मेटॅलिक. रोज जळगावच्या फुले मार्केटच्या गर्दीत किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर रिक्षांमधून वाट काढायची असेल, तर सॉलिड. आणि कव्हर घेणार असाल तर धुळीने भरलेल्या गाडीवर ते घालू नका. ओढताना तीच धूळ त्याच्याखाली पत्र्यावर घासली जाते.